शाहीर अमर शेख आणि लाल बावटा कलापथक

१९६९ साली अवघ्या अकरा आठवड्यांच्या अवधीत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील तीन मोठे आवाज बंद झाले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात शाहीर अमर शेख यांचा अंत झाला. अत्र्यांच्या मागे त्यांचे दैनिक, नाटके आणि चित्रपट होते. अण्णाभाऊंच्या मागे कथा-कादंबऱ्यांचा मोठा संभार होता. अमर शेखांच्या मागे काय राहिले, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ देता येत नाही. त्यांची पुस्तके आहेत. पण ज्या हजारोंनी त्यांना मैदानात ऐकले, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती ती पडली असतील. त्यांचे कर्तृत्व आवाजाचे होते, आणि आवाज हा ग्रंथालयाच्या कपाटात लावून ठेवण्याचा जिन्नस नव्हे.

म्हणूनच जयंती-पुण्यतिथीला त्यांच्यावर जे लिहिले जाते, त्यात पहाडी आवाज, बुलंद शाहीर, जनतेचा कलावंत अशी विशेषणे तेवढी फिरून फिरून येतात. विशेषणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. अमर शेख हे एकट्याने गाणारे गवई नव्हते. त्यांचे गाणे एका जथ्याचे गाणे होते. त्या जथ्यामागे एक पक्ष होता, पक्षामागे गिरणगाव होते, आणि या सर्वांच्या खाली महाराष्ट्राची जुनी शाहिरी होती. यांतील एकेक थर बाजूला करून नुसता आवाज उरवला, की अमर शेखांचे काय झाले आणि का झाले, हे कळेनासे होते.

त्यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्यांचा जन्म झाला. बार्शी हे त्या काळी मोठे विलक्षण ठिकाण होते. गाव इंग्रजी अमलात, आणि आसपास निजामाचा मुलूख पसरलेला. मराठवाड्यातील धान्य आणि कापूस या पेठेत येई. अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे होती, कापडाच्या गिरण्या होत्या, भगवंताचे देऊळ होते आणि देवळाच्या निमित्ताने कीर्तन-भजन होते. अशा गावात गरीब मुसलमान घरातील मुलाच्या कानावर काय काय पडत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. आई मुनेरबी यांना लोकगीतांचे भांडार मुखोद्गत होते. जात्यावरच्या मराठी ओव्या महबूबला शाळेतून नव्हे, आईकडून मिळाल्या. शाळा तर गरिबीमुळे फार काळ चाललीच नाही.

मुसलमान घरातील मुलाने मराठी शाहीर व्हावे याचे पुष्कळांना कौतुक वाटते. हे कौतुक काहीसे अस्थानी आहे. उत्तर पेशवाईतील नामांकित लावणीकार सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे वारकऱ्यांना आपले वाटत आले आहेत. डफ आणि तुणतुणे ही वाद्ये कोणाची जात विचारत नसत. विचारली तर उलट खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींनीच ती अधिक सांभाळली, असे दिसून येईल. अमर शेखांचे वेगळेपण त्यांच्या धर्मात नाही. त्यांनी शाहिरीचा विषय बदलण्यास जो हातभार लावला, त्यात ते आहे.

पोटासाठी महबूबने मिळेल ते काम केले. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, पाणी भरले, शेवटी बार्शीच्या गिरणीत शिरले. गिरणीत संप झाला, संपात पुढाकार घेतला म्हणून अटक झाली आणि विसापूरच्या तुरुंगात रवानगी झाली. त्या काळात तुरुंग ही अनेक तरुणांची दुसरी शाळा ठरली. विसापूरला त्यांना कम्युनिस्ट कार्यकर्ते रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि मालक-मजूर संबंधांकडे पाहण्याची एक रीत मिळाली. तोपर्यंत अन्याय अंगावर आलेला होता; त्याचा अर्थ लावण्याचे साधन आता हाती आले. पुढे काही काळ ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत होते. महबूब पटेलांचे अमर शेख झाले ते या कोल्हापूरच्या वास्तव्यात, मित्रमंडळींच्या तोंडून. चित्रपटाच्या धंद्यात नाव बदलणे ही नित्याची बाब आहे. हे नाव मात्र पडद्यावर गाजण्याआधी मैदानात गाजले.

लाल बावटा कलापथक १९४४ च्या सुमारास उभे राहिले. नावातला लाल बावटा गिरणी कामगारांना परका नव्हता. १९२८ च्या प्रचंड संपाच्या वेळी स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन याच नावाने ओळखली जात होती. कलापथकाचे तीन खांब होते: अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर. यांपैकी अण्णाभाऊ वाटेगावच्या मांग कुटुंबातून आलेले. नात्यातल्याच तमाशाच्या फडात त्यांनी वगाची, बतावणीची आणि हजरजबाबाची तालीम घेतलेली होती. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांची लेखणी पक्षाच्या कामाला लागली. गव्हाणकर हे रचनाकार आणि गायक, दोन्ही बाजू सांभाळणारे. अमर शेखांपाशी आवाज होता. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभा बंद पडणार नाही, असा.

येथे पोवाड्याची घडण थोडी लक्षात घ्यावी लागते. शाहीर डफावर थाप मारून कडवे घेतो. मागे उभे असलेले झीलकरी त्या कडव्याचा शेवट उचलतात आणि सूर ताणून धरतात. त्या अवधीत शाहिराला दम घेता येतो, पुढचे कडवे मनात जुळवता येते, आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले ते पाहताही येते. तुणतुणे सूर सोडत नाही, झांज लय सोडत नाही. म्हणजे शाहिराच्या पुढे पडलेल्या प्रत्येक पावलाला मागच्या माणसांचा आधार असतो. चांगला झीलकरी नसेल तर उत्तम शाहिराची दोन तासांत दमछाक होते. कलापथकातील ज्या गिरणी कामगारांनी आणि चाळकरी तरुणांनी ही झील धरली, त्यांची नावे इतिहासाने लिहून ठेवली नाहीत. दिवसपाळी संपवून गाण्याला यायचे, रात्री उशिरा परत जायचे आणि सकाळी पुन्हा भोंग्याला हजर व्हायचे, ही अशा माणसांची दिनचर्या असे. अमर शेखांच्या गळ्याची थोरवी सांगताना या अनामिकांचा वाटा वजा करणे न्यायाचे होणार नाही.

कलापथक ज्या काळात जन्माला आले तो काळ त्यांना मुळीच अनुकूल नव्हता, हे त्यांचे गौरवकर्ते बहुधा सांगत नाहीत. १९४२ च्या आंदोलनापासून कम्युनिस्ट पक्ष दूर राहिला होता. हिटलरने रशियावर स्वारी केल्यानंतर चालू महायुद्ध हे लोकयुद्ध आहे, अशी भूमिका पक्षाने घेतली. देशातले सर्वमान्य नेते तुरुंगात असताना ही भूमिका सर्वसामान्य मराठी माणसाला रुचली नाही, आणि ती रुचण्याजोगी नव्हतीही. या परिस्थितीत अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला. व्होल्गेच्या काठावरची लढाई गिरणगावातल्या लोकांना डफाच्या तालावर ऐकवायची, ही कल्पना कागदावर हास्यास्पद वाटेल. प्रत्यक्षात ती तशी ठरली नाही. पोवाडा हा मुळातच किल्ले, वेढे, तलवारी आणि घरासाठी झुंजणाऱ्या माणसांचा प्रकार आहे. अफझलखानाच्या वधापासून त्याची ती परंपरा आहे. वेढ्यात सापडलेले शहर हा विषय त्या साच्यात चपखल बसला. पक्षाची भूमिका लोकांनी स्वीकारली नसेल, पण पोवाडा स्वीकारला.

याहून अधिक मोलाचे काम बंगालच्या दुष्काळाने त्यांच्यापुढे आणले. १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली असे मानले जाते. त्याच वर्षी मुंबईत भारतीय जननाट्य संघ, म्हणजे इप्टा, स्थापन झाला होता. देशभरचे कलावंत दुष्काळग्रस्तांसाठी गात, नाचत आणि निधी गोळा करीत होते. बंगालवरचा अण्णाभाऊंचा पोवाडा घेऊन मराठी शाहीरही त्यात उतरले. दोन हजार किलोमीटर दूरच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या माणसाची भूक मराठी श्रोत्याला आपली वाटावी, हे काम वर्तमानपत्रांतील आकड्यांनी होत नव्हते. पोवाड्याचा नायक आतापर्यंत राजा किंवा सरदार असे. येथे तो उपाशी शेतकरी झाला. मराठी शाहिरीत झालेला हा पालट लहान नव्हे. अर्थात त्याची पायवाट आधीच पडलेली होती. सत्यशोधक समाजाच्या जलशांनी भटशाही आणि सावकारी यांच्यावर वग रचले होते, आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी अस्पृश्यतेचा प्रश्न चव्हाट्यावर मांडला होता. लाल बावटा कलापथक या वाटेने पुढे गेले. वाट त्यांनी काढली नाही.

१९४५ साली अण्णाभाऊंचे ‘अकलेची गोष्ट’ आले आणि पाठोपाठ ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही लोकनाट्ये आली. जुन्या तमाशाचा क्रम ठरलेला असे: गण, गौळण, बतावणी आणि मग वग. अण्णाभाऊंनी गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गौळणीतली मथुरेच्या बाजारची छेडछाड वगळली आणि कथेच्या केंद्रस्थानी सावकार, शेटजी, पुढारी व त्यांना पुरून उरणारा मजूर यांना बसवले. जे ठेवण्यासारखे होते ते मात्र सोडले नाही. ढोलकी राहिली, सोंगाड्याची वाकडी जीभ राहिली, प्रेक्षकांना मध्येच ओढून घेण्याची लकब राहिली. नव्या आशयासाठी जुना साचा वापरण्याचे प्रयोग आपल्याकडे पुष्कळ झाले. त्यांतले बहुतेक फसले, कारण करणाऱ्यांना साचा बाहेरून ठाऊक होता. अण्णाभाऊ तमाशाच्या फडावर वाढलेले होते. म्हणून त्यांनी काय काढले यापेक्षा काय राखले, हे पाहणे जास्त उद्बोधक आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर कलापथकाचे दिवस पालटतील अशी अपेक्षा असती तर ती फोल ठरली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. मोरारजी देसाई हे गृहमंत्री होते. तमाशात बीभत्स असे काही नव्हतेच, असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि, बंदीचा फटका ज्यांना बसला ते पिढ्यान् पिढ्या या धंद्यावर जगणारे कलावंत होते, आणि त्यांत दलित जातींचा भरणा मोठा होता. दुसरीकडे फेब्रुवारी १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाने सशस्त्र उठावाची आततायी भाषा स्वीकारली आणि सरकारला दडपशाहीचे निमित्त दिले. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. म्हणजे कलापथकाच्या डोक्यावर दोन बंद्या होत्या: एक कलेच्या प्रकारावर आणि एक कलावंतांच्या पक्षावर. पहिली चुकवण्यासाठी तमाशाऐवजी लोकनाट्य हे नाव पुढे आले. नाव पुढे इतके रूढ झाले, की ज्या सरकारने तमाशाला अटकाव केला त्याच सरकारच्या प्रचारखात्याने काही वर्षांनी लोकनाट्याची पथके पोसली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही त्याच सुमारास हा प्रकार आपलासा केला होता. समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांचे तोंड पाहत नव्हते तेव्हाही त्यांची ढोलकी एकच होती.

१९४७ साली अमर शेखांनी कुसुम जयकर यांच्याशी विवाह केला. फाळणीच्या वर्षी हिंदू मुलीने आणि मुसलमान शाहिराने संसार थाटणे हे पोवाडा गाण्याहून कमी धैर्याचे नव्हते.

अमर शेखांच्या कीर्तीचा कळस म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी भाषकांच्या एका राज्याची आशा त्याने मोडली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा गोळ्या चालल्या. हुतात्म्यांची संख्या पुढे १०६ वर गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि डांगे, अत्रे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार ठाकरे असे एरवी एका व्यासपीठावर न मावणारे पुढारी एकत्र आले. कलापथकाच्या दृष्टीने पाहता यातून एक मोठी गोष्ट घडली. आतापर्यंत ते एका पक्षाचे होते. आता ते एका भाषेचे झाले. ज्या मध्यमवर्गीय मराठी माणसाने लाल बावट्याकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते, तो शिवाजी पार्कवर अमर शेखांचा डफ ऐकण्यासाठी तास तास आधी जागा धरून बसू लागला. त्याच काळात गोव्याच्या मुक्तीचा सत्याग्रह झाला, त्याचीही गाणी त्यांनी गायिली.

सभांचे तंत्रच त्यामुळे बदलले. आधी शाहीर, मग वक्ता, असा क्रम पडला. शाहीर गर्दी जमवतो आणि पुढारी ती वापरतो, असे याचे वर्णन कोणी केले तर ते पूर्णतः चुकीचे नाही; पण अपुरे आहे. डांग्यांच्या युक्तिवादाला आणि अत्र्यांच्या विनोदाला जो श्रोता मिळाला, तो तापलेला, एकजीव झालेला श्रोता होता, आणि ते तापवण्याचे काम आधीच्या अर्ध्या तासात झालेले असे. अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर यांच्याबरोबर आत्माराम पाटील आणि शाहीर साबळे यांनीही तो काळ गाजवला. अत्र्यांनी अमर शेखांना रशियन कवी मायकोव्हस्की याच्या पंक्तीला नेऊन बसवले. उपमेत अत्र्यांची अतिशयोक्ती आहेच. परंतु चौकात उभे राहून गर्दीसाठी कविता म्हणणारा क्रांतिकवी, एवढ्यापुरती ती योग्यच होती.

या काळातील सर्वांत गाजलेली रचना म्हणजे अण्णाभाऊंची मैनेची छक्कड. ती अमर शेखांच्या गळ्यातून इतकी घुमली, की पुष्कळांच्या स्मरणात ती त्यांचीच होऊन बसली. या रचनेचे मर्म राजकीय नाही, निदान आरंभी नाही. गावाकडे बायको ठेवून मुंबईला पोट भरायला आलेला कामगार तिच्या आठवणीने व्याकुळ होतो, एवढाच तिचा विषय आहे. गिरणगावात असा संसार हा अपवाद नव्हता, नियम होता. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर येथून आलेले पुरुष खाणावळींत जेवत, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत आणि वर्षातून एकदा सणाला गावी जात. त्या विरहाचे बोट धरून छक्कड हळूच महाराष्ट्रापासून तोडलेल्या बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव या भागांकडे वळते. घरधनीण दुरावल्याचे दुःख आणि मुलूख दुरावल्याचे दुःख श्रोत्याच्या मनात एक होऊन जाते. भाषावार प्रांतरचनेवर त्या वर्षांत शेकडो लेख आणि ठराव झाले. त्यांतील एकाही लेखाला हे साधले नाही.

या यशाचे मोजमाप करताना मात्र तारतम्य ठेवावे लागेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि हैदराबाद राज्यातला मराठवाडा त्यात सामील झाला. अजिंठ्याच्या डोंगराकडील धावड्यासारखी भोकरदन तालुक्यातील गावे तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होती. जालना जिल्हा १९८१ साली झाला. निजामी अमलातून ही गावे सप्टेंबर १९४८ मध्ये सुटली होती आणि आठ वर्षांत त्यांचे राज्य पुन्हा बदलले. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे पानिपत केले. मराठवाड्यात आणि विदर्भात तसे घडले नाही. गुजरातबरोबर या दोन विभागांनीच काँग्रेसचे सरकार तारले. शाहिरांनी महाराष्ट्र जिंकून दिला, असे सभासंमेलनांत सांगितले जाते तेव्हा धावडा-भोकरदनकडचा हा हिशेब विसरला जातो. गिरणगावातील कामगारांची गावे बव्हंशी घाटावर आणि कोकणात होती. मुंबईत ऐकलेले गाणे सुट्टीत त्यांच्याबरोबर तिकडे गेले. मराठवाड्यातील खेड्याला मुंबईशी जोडणारा हा धागा तितका दाट नव्हता. गाणे आपोआप पसरत नाही. ते नेणारी माणसे लागतात आणि त्या माणसांना जाण्यायेण्याचे रस्ते लागतात.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आंदोलन सफल झाले आणि आंदोलनाच्या शाहिरांचे काम संपले. समितीतील पक्ष आपापल्या वाटेने गेले. नव्या राज्याच्या सत्तेवर तीच काँग्रेस होती, जिच्याविरुद्ध हे शाहीर चार वर्षे गात होते. साहजिकच मानसन्मानांच्या यादीत त्यांचे स्थान वरचे नव्हते. त्यांच्या स्वतःच्या पक्षाने तरी त्यांचे काय केले? पक्षाला शाहीर हवा होता तो सभेपूर्वी. सभेनंतर त्याच्या घरी चूल पेटते की नाही याची चौकशी करण्याची व्यवस्था कोणत्याच पक्षाजवळ नव्हती. मोफत गाणे हा त्यागाचा भाग मानला गेला. फडाचा तमासगीर गरीब असला तरी सुपारी घेऊन नाचत-गात होता. चळवळीचा शाहीर सुपारीही घेऊ शकत नव्हता. अण्णाभाऊ ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहून, १९६१ साली रशियाचा प्रवास करून आले, आणि अखेर मुंबईत दारिद्र्यातच मेले. अमर शेखांची स्थिती त्यांच्यापेक्षा किंचित बरी असेल, फार वेगळी नव्हती.

चित्रपटाने त्यांना काही प्रमाणात हात दिला. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात ते होते. १९६१ सालच्या ‘प्रपंच’मध्ये त्यांनी मोठ्या कुटुंबाच्या ओझ्याखाली दबलेला कुंभार उभा केला. मैदानातला दणदणीत आवाज पडद्यावर इतका खाली उतरू शकतो आणि खांदे पाडून बसलेला एक हताश बाप दाखवू शकतो, हे ज्यांनी ‘प्रपंच’ पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. या माणसात अभिनेता होता आणि त्याला पुरेशी कामे मिळाली नाहीत, ही खंत रास्त आहे.

कवी म्हणूनही त्यांची उपेक्षाच झाली. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ साली आले. ‘कलश’ १९५८ साली आणि ‘धरतीमाता’ १९६३ साली. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिके त्यांनी संपादित केली. मराठी समीक्षेने या कवितेला प्रचारकी म्हणून एका ओळीत निकालात काढले. प्रचार त्यात आहे, यात वाद नाही, आणि काही कविता केवळ घोषणेच्या पायरीवर थांबतात. परंतु जी समीक्षा रामदासांचा प्रचार आणि सावरकरांचा प्रचार काव्य म्हणून वाचते, तिने अमर शेखांपाशी येताच हा शब्द शिवीसारखा वापरावा, हे सुसंगत नाही. छापील पानावर या कविता थोड्या उघड्या पडतात, हेही खरे. डफ, झील आणि समोरची गर्दी गृहीत धरून त्या रचलेल्या आहेत. बंदिशीचे शब्द वाचून गायकाची पारख करावी तसा हा प्रकार झाला.

१९६२ साली चीनचे आक्रमण झाले. कम्युनिस्ट पक्षात या प्रश्नावर उभी फूट पडत होती आणि १९६४ साली पक्ष खरोखरच दुभंगला. अमर शेखांनी काय गावे, हे त्यांना कोणत्याही ठरावाने सांगावे लागले नाही. त्यांनी हिमालयाच्या रक्षणाची गाणी गायिली. वीस वर्षांपूर्वी पक्षाची भूमिका लोकभावनेच्या विरुद्ध होती तेव्हा त्यांनी पक्षाबरोबर राहून गायिले. आता तसा प्रसंग आला तेव्हा ते लोकांबरोबर राहिले. त्यांच्या राजकीय आयुष्याचा आलेख काढायचा झाला तर या दोन वर्षांमधील अंतरातून तो काढावा लागेल.

नंतरची काही वर्षे कार्यक्रम, प्रवास आणि पुन्हा कार्यक्रम अशीच गेली. मृत्यू आला तोही रस्त्यावर. वयाची त्रेपन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

ज्या श्रोतृवर्गावर हे कलापथक जगले, तो त्यानंतर फार काळ टिकला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव म्हणून जे काही होते ते विरत गेले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, चाळींतल्या खोल्या विकल्या गेल्या आणि मैदाने तेवढी नावापुरती उरली. स्मारकांच्या बाबतीत तिघांच्या वाट्याला तीन तऱ्हा आल्या. अण्णाभाऊंची जन्मशताब्दी २०२० साली झाली आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. अमर शेखांच्या नावे मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे. गव्हाणकरांचे नाव मात्र अण्णाभाऊंच्या किंवा अमर शेखांच्या चरित्रातील एखाद्या वाक्यात, आणि तेही बहुधा तिसऱ्या क्रमांकावर, येते.

अमर शेख गेले तेव्हा त्यांची कन्या मलिका बारा वर्षांची होती. १९७९ साली तिचा पहिला कवितासंग्रह ‘वाळूचा प्रियकर’ प्रसिद्ध झाला. त्या कवितेत डफ नाही, झील नाही आणि मैदानही नाही. ती एकटीने, खालच्या पट्टीत बोलणारी कविता आहे. मुखपृष्ठावर मात्र कवयित्रीचे नाव वडिलांच्या पूर्ण नावासह छापलेले आहे.